उलट्या गाठीचा रुमाल

हानसान, अधिक महिन्याचा तिसरा दिवस, १९८४

मालसुन,

मायना घालत नाही. तुला काय म्हणावं ते बावीस वर्षांत ठरलं नाही, आज एका ओळीत कुठून ठरणार? पाकीट भाताच्या खळीने बंद केलंय आणि तोंडावर माझा एक पांढरा केस चिकटवलाय. तो जागेवर नसेल तर आमच्या पोस्टमनने पत्र वाचलं असं समज. त्याचं तोंड मला पहिल्यापासून आवडत नाही. गावप्रमुखाच्या घरी फोन आहे, पण तिथून बोललं की दुपारपर्यंत बातमी वाखाच्या बाजारात पोचते.

मुद्द्याचं विचारते. आईचं लग्नपत्र तुझ्याकडे आहे ना?

अधिक महिना लागला, या महिन्यात शिवले तर दोष लागत नाही, म्हणून आईचे जाताना नेसवायचे कपडे शिवायला घेतलेत. वैद्य मान हलवून गेला. ही थंडी ती काढेल असं त्यालाही वाटत नाही. कपड्यांबरोबर लग्नपत्रही काढून ठेवावं म्हणून काल तिची पेटी उघडली. तुला आठवत असेल, काळा रेशमी रुमाल आणि त्यात आपल्या आजोबांनी लिहिलेलं पत्र, की तुमची मुलगी आम्ही सून म्हणून घेतो. साठ वर्षं तिने ते जपलं. युद्धात घर सोडून पळालो तेव्हा तांदूळ मागे राहिले, पण ते पत्र तिच्या छातीशी होतं. बाईचं लग्नपत्र तिच्याबरोबर मातीत जायला हवं, नाहीतर पलीकडे नवरा तिला ओळखणार कसा?

तर त्या रुमालाला गाठ मारलेली होती.

गाठ! डब्याच्या पोजागीला, म्हणजे बांधायच्या चौकोनी रुमालाला, मारतात, पांघरुणांच्या मारतात, बाजारात न्यायच्या कापडाच्या मारतात. पण लग्नाच्या रुमालाची चारी टोकं नुसती दुमडून कागदी पट्टीत अडकवायची, म्हणजे संसारात काही अडत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. आणि ही गाठ उलटी आहे. हिचं शेपूट डावीकडे जातं. या घरात डावखुरी एकच होती. जेवताना तुझा डावा हात मीच रुमालाने बांधून ठेवत असे, ते मी विसरलेले नाही.

आत पत्र नव्हतं. त्याच्या जागी कसलंसं जुनं चिंधूक कोंबलेलं होतं.

मी सगळं जुळवून पाहिलंय. मागच्या सुगीच्या सणाला मी डोंगरावर बाबांच्या थडग्यावरचं गवत कापायला गेले होते, घरी आई एकटी. त्या दिवशी दारातल्या झाडाची तीन फळं कमी झाली. आमची शेजारीण, ती छंग्यांगवाली, तिने बसच्या थांब्यावर हिरवा स्कार्फ बांधलेली बाई पाहिली. कुत्रा भुंकला नाही. तो पाच वर्षांचा आहे, तुला ओळखत नाही हे मलाही कळतं. पण कुत्रा लाचखाऊ आहे आणि तू सुकी मासळी विकतेस.

पत्र परत पाठव. आईने विचारलंय असं समजू नकोस. इतके दिवस अंथरुणावर आहे, पण तिने त्या पत्राचं नावही काढलेलं नाही. मला तेही खटकतंय.

पिलनाम


हानसान, दहावा दिवस

मालसुन,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "ताई, ते चिंधूक कसलं होतं हे तू लिहिलं नाहीस." ना हो, ना नाही. केस जागेवर होता की नव्हता, तेही नाही. आणि ही ताई एकदम कुठून आली?

चिंधूक म्हणजे चिंधूक. लाल-निळं, जुनं, हातभर. तुला त्याचं काय करायचंय? चोरी झाल्यावर काय गेलं ते माणूस विचारतो. त्या जागी काय ठेवलं होतं हे कोण विचारतं? ज्याने ठेवलं तोच. मी म्हातारी झाले असेन, पण अजून अक्कल गहाण टाकलेली नाही.

मला लाजवायला ठेवलंस का ते? मग आणखी एक ऐक. तू पळून गेलीस. मुलाच्या जन्मवेळेचं टिपण नाही, तारीख नाही, लग्नपत्र नाही, एका मिठागरवाल्याच्या पोराचा हात धरून जांगहांगच्या धक्क्यावर बोटीत बसलीस. नदी ओलांडून गुनसानला जायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात तू परकी झालीस. आईने तीन दिवस ताटाला हात लावला नाही. गावात तोंड दाखवायला मी होते. पाणी भरायला गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. तुला ते कसं कळणार?

आई एकच म्हणायची. "त्या मिठागरवाल्या प्योंनी साधं टिपण तरी पाठवायचं होतं गं. मी काय नाही म्हटलं असतं?" पहिल्या वर्षी रोज म्हणायची. पुढे सणासुदीला. मी काय बोलणार? मी दातांत वाख धरून बसलेली असायचे. वाख फाडताना तोंड उघडता येत नाही, तुलाही माहीत आहे.

आता कपड्यांचं. बाह्या झाल्या, घागरा व्हायचाय. या कपड्यांच्या दोऱ्याला गाठ मारत नाहीत, टाका मागे घेत नाहीत, म्हणून शिवण हातातून निसटते. काल अर्धी बाही पुन्हा शिवली. छंग्यांगवाली मदतीला येते आणि शिवण्यापेक्षा आईच्या कानाला जास्त लागते. मी खोलीत शिरले की दोघी हवामानावर बोलायला लागतात. त्या दोघींचं काय चाललंय कोण जाणे!

पत्र पाठव. वैद्य काल पुन्हा येऊन गेला, या वेळी त्याने औषधही बदललं नाही.

पिलनाम


हानसान, पंधरावा दिवस

मालसुन,

तुझी दुसरी ओळ आली. "ताई, आईचा उजवा हात आता कसा आहे?"

ती ओळ मी पाचदा वाचली. आईला दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवा हात गेला. पण मी तुला हे कधी कळवलं नव्हतं. या पत्रांतही लिहिलेलं नाही. मी पत्र टाकण्याआधी नक्कल काढून ठेवते, तीही वाचून पाहिली. मग तुला उजवा हात कुणी सांगितला?

परवा किमची घालायची होती. साठ कोबी, अंगणात मी आणि छंग्यांगवाली. मी मुद्दाम तिला माझ्या समोर बसवलं.

"वहिनी, मागच्या सुगीनंतर आईला सुया टोचून घ्यायला जांगहांगला कोण घेऊन गेलं होतं?"

"मीच की. का गं?"

"वैद्याचं दुकान कुठं?"

"ते… धक्क्याजवळ."

"धक्क्याजवळ वैद्य नाही. धक्क्याजवळ बोट आहे."

तिने दोन कोबी भरले. मग म्हणाली, "बाई गं, तू पोलिसात जायला हवी होतीस. इथं उगाच वाख फाडत बसलीस."

"बोटीत बसलात?"

"बसलो. तुझ्या आईने मला शपथ घातली होती, आता ती मोडल्याचं पाप फेडशील तूच. पलीकडे मालसुन उभी होती. दोघी धक्क्यावर मिठाच्या पोत्यांवर बसल्या. मी लांब उभी राहिले, पण वारा माझ्याकडे वाहत होता, मी काय करू?"

"काय बोलल्या?"

"आधी तासभर नुसतं एकमेकींचे हात बघत बसल्या. मग मालसुनने पिशवीतून काहीतरी लाल-निळं काढलं. म्हणाली, 'आई, हे तू परत केलंस ना? यांचे काका गेले, त्यांच्या पेटीत सापडलं. अजून गाठ तशीच आहे.' तुझ्या आईने ते घेतलं, उलटंपालटं केलं. म्हणाली, 'हे मी आज पहिल्यांदा बघतेय.'"

माझे हात मिरचीच्या लगद्यात होते. तेच डोळ्यांना लागले. मी रडत नव्हते, मिरची होती, असं छंग्यांगवालीलाही सांगितलं. ती म्हणाली, "हो हो, मिरचीच."

दुपारी आई आपल्या औषधांच्या पुड्या बांधत होती. मी दारात उभी राहून पाहिलं. एक टोक दातांत, एक डाव्या हातात. ओढली. शेपूट डावीकडे गेलं. पेटीतला काळा रुमाल आणून उजेडात धरला, त्याच्या टोकावर दातांची खूण होती. आईचे वरचे दोनच दात राहिलेत, खुणाही दोनच.

म्हणजे चोर तू नव्हेस, पत्र आईनेच काढून तुला दिलं असणार. तीन फळं पाखरांनी नेली असतील. कुत्र्याचीही माफी मागायला हवी.

पण मला हे कळत नाही. आईला एक वर्ष माहीत आहे. तुला एक वर्ष माहीत आहे. तिने माझ्या हातचं जेवण जेवलं, माझ्याकडून केस विंचरून घेतले, आणि ब्र काढला नाही. तू एका ओळीपलीकडे लिहीत नाहीस. दोघी माझी परीक्षा घेताय का? माझ्या पाठीमागे तुमचं काय ठरलंय?

पिलनाम


हानसान, एकोणिसावा दिवस

मालसुन,

या वेळी तुझी ओळ आली नाही. वाट बघितली. मग कळलं, आता पाळी माझी आहे.

ते चिंधूक नव्हतं. ते प्योंच्या घरून आलेलं टिपण होतं. बाहेरून निळ्या, आतून लाल रुमालात. मी तो पाहताक्षणी ओळखला होता. म्हणूनच तुला पहिलं पत्र इतकं तिखट लिहिलं.

बासष्ट साली आई मामाकडे श्राद्धाला गेली होती, तीन दिवस. तू वाख धुवायला नदीवर गेली होतीस. प्योंचे काका नवा टोप घालून आले, ओसरीवर बसले, रुमाल दोन्ही हातांनी पुढे केला. मुलीच्या आईने तो घागऱ्याच्या घेरात घ्यायचा असतो. मी घेरात घेतला नाही, हाताने घेतला. चार्‍ही टोकं सुटी होती, कागदी पट्टी नीट बसवलेली होती. दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेले. वाटेत पट्टी काढून फेकली आणि रुमालाला गाठ मारली. दोनदा. काकांना म्हणाले, "आईने नाही म्हणून सांगितलंय." त्यांनी गाठीकडे पाहिलं आणि मला बसाही म्हणाले नाहीत.

तुला वाटलं आईने नाकारलं. आईला वाटलं त्यांनी विचारलंच नाही. मला दोघींचंही माहीत होतं.

कारण विचारशील तर तेव्हा माझ्याकडे कारण होतं. तुझा प्यो मला बाजारातल्या चहावाल्या बाईशी बोलताना दोनदा दिसला होता, खिदळत. मी म्हटलं, हा माणूस बरा नाही. ती त्याची सख्खी आत्या निघाली. हे मला त्याच वर्षी कळलं आणि मी ते गिळलं.

पण खरं कारण तेही नव्हतं. मुलगा व्हावा म्हणून माझं नाव पिलनाम ठेवलं, मधली तीन टिकली नाहीत, तेरा वर्षांनी तू आलीस. तुला मी पाठीवर बांधून वाढवलं. माझा नवरा घरजावई म्हणून आला आणि भिंतीकडे तोंड करून बसायला शिकला. दिवसभर मांडीवर वाख वळायचे, शेजारी तू असायचीस, गाण्यात मुद्दाम चुकीचे शब्द घालायचीस, आणि मी हसायचे. तू गेलीस की त्या ओसरीवर मी आणि वाख. मला तू हवी होतीस. म्हणून मी तुझं लग्न मोडलं. आणि तू तरीही गेलीस, माझ्याकडे वळूनही न बघता. आणि मी बावीस वर्षं तुलाच दोष दिला.

काल लाल-निळं बोचकं घेऊन आईपुढे बसले.

"आई, हे पेटीत सापडलं."

"सापडलं? वर्ष झालं ठेवून. मला वाटलं, मी मेल्यावरच उघडतेस."

"मीच परत केलं होतं."

"गाठ पाहून कळलं. तुझी गाठ मी ओळखत नाही? तुला मीच शिकवली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का ते बघत होते." मग म्हणाली, "आणि भीतीही वाटत होती. एक पोर आधीच गेलीय. तुला काही बोलले असते नि तूही उठून गेली असतीस तर मला भात कोण भरवणार होतं?"

मला राग आला, मालसुन. खरंच आला. एवढं करून तिने मला घाबरावं!

मी विचारलं, "तुझं लग्नपत्र तिला का दिलंस? बाबा तुला कशावरून ओळखतील?"

"तुझा बाप? सव्वीस वर्षं माझ्याशी भांडला, तो माझ्या खोकल्यावरून ओळखेल. तिला कोण ओळखणार? तिचं लग्न लागलेलं कुणी पाहिलंय? तिच्याकडे कागदाचा चिटोरा नाही. म्हणून दिलं."

मग म्हणाली, "सोड ती गाठ."

मी कात्री शोधायला उठले.

"कात्री लावशील तर याद राख."

बावीस वर्षांची गाठ, दगड झालेली. नखांनी झालं नाही. सुईने झालं नाही. शेवटी दातांत धरली, वाख धरते तशी. जन्मभर वाख फाडून माझ्या पुढच्या दातांना चरे पडलेत, त्यातल्या एका चऱ्यात धागा बसला आणि ती सैल झाली. दात हलतोय अजून. आत कागद होता, पांढरा, कडक, एकही डाग नाही. प्योचं साल, महिना, दिवस, घटका. आईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिने घागरा पसरला आणि म्हणाली, "आता दे." उजवी बाजू तिला धरता येईना, खाली लोंबत होती.

मला क्षमा कर असं लिहायला बसले होते. ते सोपं आहे आणि फुकट आहे, म्हणून त्याचा मलाच संशय येतो. तू मला काय म्हणशील ते म्हण. पण काहीतरी लिही.

तुझी ताई


हानसान, चोविसावा दिवस

प्यो घराण्यास,

आपण पाठवलेलं टिपण पोचलं. पोचायला बावीस वर्षं लागली, दोष आमच्या घरातल्या थोरल्या मुलीचा. स्थळ आमच्या आईला पसंत आहे. मुलीकडून तारीख कळवायची असते, त्याप्रमाणे कळवतो: या अधिक महिन्याचा सत्ताविसावा दिवस, सकाळी. त्यापुढची तारीख धरू नये, वैद्याने तसं सुचवलंय.

मालसुन, रीतीचा कागद वर संपला. आता तुझ्याशी.

तुझं पत्र काल आलं. "पहिली बोट साडेसहाला सुटते, ताई. मी बावीस वर्षं बघतेय." त्यावर मी काय लिहू? मी इकडच्या धक्क्यावर कधी गेले नाही. मासळी घ्यायची झाली तरी लांबच्या बाजारात गेले, तू दिसशील म्हणून.

भाऊजींना सांग, लग्नपत्र लिहा. त्यांच्या घरात आता थोरले तेच, म्हणजे स्वतःच्या लग्नाचं पत्र त्यांना स्वतःच लिहावं लागणार. हसू दे हसणाऱ्यांना. छंग्यांगवाली आत्तापासूनच हसतेय. ते पत्र इथे आणा. म्हणजे तुझं तुला होईल आणि आईचं आईला परत मिळेल. ती म्हणते नको, राहू दे तिच्याकडे, खोकल्यावर भागेल. पण कपड्यांचा गळा शिवताना मी पाहिलं, तिचा हात सारखा छातीवर जात होता, पत्र ठेवायच्या जागी. ती नाही म्हणते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तरी मला आता कळलंय.

सोबतचा रुमाल नवा आहे. तिच्या कपड्यांतून उरलेले तुकडे आणि तुझ्या जुन्या पोलक्याची बाही, एवढंच जोडून केलाय. पोलकं तू गेलीस तेव्हा खुंटीवर राहिलं होतं, मी कुणाला नेऊ दिलं नाही. भाऊजींचं पत्र यातच गुंडाळून आण. कुठेही गाठ नाही, पाहून घे. नुसतं टोक उचललंस की उघडेल. यात माझ्याकडून चार सुकी फळंही ठेवलीत. मोजून घे, पोस्टमनचा भरवसा नाही. आणि येताना तूही गाठ मारू नकोस. मारलीस तर मला लांबूनही कळेल.

आज सकाळी आई म्हणाली, मला त्या दिवशी दारापाशी बसव, मी घागऱ्यात घेणार. मी म्हटलं, "एका हाताने घेर कसा पसरशील? सांडेल."

"डावीकडून मी धरते," म्हणाली. "उजवीकडून तू धर."

मी धरणार आहे, मालसुन. तू ये.

ताई